सीओडी, बीओडी, टीओसी, एओएक्स: प्रदूषणाचं एकत्रित माप कसं काढायचं आणि तो आकडा कसा वाचायचा

सांडपाण्याच्या एका बाटलीत काय काय आहे याची पूर्ण यादी कुणीच देऊ शकत नाही. साबण, चरबी, साखर, रंग, प्रथिनांचे तुकडे, औषधांचे उरलेले अंश, आणि या सगळ्यांपासून वाटेत तयार झालेली आणखी शेकडो संयुगं. कितीही महागडं मशीन लावलं तरी बहुतेक वेळा जे शोधायला गेलो तेवढंच सापडतं, बाकीचं तसंच राहून जातं. म्हणून पर्यावरणाच्या लॅबमध्ये एकेक पदार्थ मोजण्याआधी एक सोपा प्रश्न विचारतात, की हे सगळं मिळून किती ऑक्सिजन खाईल (जिवाणूंकडून मोजलं तर बीओडी, रसायनाने जाळून मोजलं तर सीओडी), यात एकूण सेंद्रिय कार्बन किती (टीओसी), क्लोरीनसारखे हॅलोजन असलेली एकूण सेंद्रिय संयुगं किती (एओएक्स). या बेरजेच्या मापांबद्दल मी लिहितोय, मुख्यतः पाण्याबद्दल, आणि नव्याने लॅबमध्ये आलेल्यांसाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सीओडी नावाचं कुठलंही रसायन नसतं. शिसं कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी ते शिसंच, पद्धत चांगली असेल तर आकडा सारखाच यायला हवा. पण सीओडी म्हणजे "या तापमानाला, इतका वेळ, या आम्लात, इतक्या डायक्रोमेटने (सेंद्रिय पदार्थ जाळणारं रसायन) जेवढं जळलं तेवढं". इथे पद्धत हीच व्याख्या आहे. डायक्रोमेटऐवजी परमँगनेट वापरलं की त्याच पाण्याचा आकडा बराच खाली येतो, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे "सीओडी ३२०" एवढंच कुणी सांगितलं तर त्याला विचारा, कुठल्या पद्धतीने, गाळून की न गाळता, एकक काय.

कुठलं माप कशासाठी

पाणी नदीत सोडल्यावर तिथला ऑक्सिजन किती खाईल हे हवं असेल तर बीओडी, पण त्याला पाच दिवस लागतात. सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट आज नीट चालतोय का हे आजच कळायला हवं असेल तर सीओडी. पाणी तसं स्वच्छच आहे, पिण्याचं किंवा आरओमधून आलेलं, आणि कार्बनचा बारीकसा फरक पकडायचाय तर टीओसी, कारण सीओडी तिथे खालच्या टोकाला चाचपडतो. क्लोरीन टाकल्यावर तयार झालेली संयुगं किंवा ब्लीचिंगचं पाणी असेल तर एओएक्स. तेलकट थर दिसतोय तर ऑइल अँड ग्रीस. प्रश्न न ठरवता सगळ्याच टेस्ट टिकमार्क करून पाठवल्या की रिपोर्ट जाडजूड होतो पण त्यातून कुणाला काही ठरवता येत नाही.

सॅम्पल

इथेच सगळ्यात जास्त आकडे बिघडतात, मशीनवर नाही. सीओडीचं सॅम्पल सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून थंड ठेवलं तर २८ दिवस टिकतं. बीओडीच्या सॅम्पलमध्ये मात्र आम्ल अजिबात नाही, तिथे जिवाणू जिवंत हवेत, फक्त अंधारात आणि थंड, आणि शक्य तेवढ्या लवकर लावायचं. एकाच बाटलीतून दोन्ही करायचा मोह होतो, तो टाळा. टीओसी आणि एओएक्ससाठी काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, आत हवेचा बुडबुडा नको.

ऑइल अँड ग्रीसची बाटली वेगळी घ्यायची आणि ती पूर्णच्या पूर्ण वापरायची. सुरुवातीच्या दिवसांत मी त्यातलं अर्धं पाणी मोजपात्रात ओतून टेस्ट केली होती आणि आकडा इतका छान कमी आला की मलाच शंका आली. रिकामी बाटली उजेडात तिरकी धरली तर आतल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखा पातळ थर चिकटलेला, तेल सगळं तिथेच. तेव्हापासून बाटली सॉल्व्हंटने खंगाळून तेही त्याच फनेलमध्ये ओततो आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती रिकामी बाटली दाखवतो.

आणखी एक, सांडपाणी दिवसभर सारखं नसतं. सकाळी दहाला एकदा बाटली बुडवून आणलेला आकडा हा सकाळी दहाचा आकडा आहे, दिवसाचा नाही. दिवसाचा हवा असेल तर ठरावीक वेळाने थोडं थोडं घेऊन मिसळायचं, आणि प्रवाह कमीजास्त होत असेल तर प्रवाहाच्या प्रमाणात घ्यायचं. शेवटी महत्त्वाचा असतो तो भार, म्हणजे ३२० मिग्रॅ/लिटर सीओडीचं ५०० घनमीटर पाणी रोज जात असेल तर १६० किलो ऑक्सिजनची मागणी रोज जाते. पाणी ओतून पातळ केलं तर ३२० चे १६० होतील पण ते १६० किलो तसेच राहतात.

सीओडी, टेबलावर

रिफ्लक्स पद्धतीचं सांगतो, म्हणजे उकळायचं आणि वाफ थंड करून परत फ्लास्कमध्येच उतरवायची, कारण ती हाताने एकदा केली की व्हायलवाली छोटी पद्धतही नीट कळते. फ्लास्कमध्ये २० मिली सॅम्पल, आधी बाटली जोरात हलवून मगच पिपेट करायचं, गाळ खाली बसू दिला की आकडा खाली बसलाच म्हणून समजा. त्यात ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, काचेचे मणी, मग सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं सल्फ्युरिक आम्ल अगदी थोडं, फ्लास्क थंड पाण्यात धरून हळूहळू, नाहीतर उडून जाणारे पदार्थ इथेच उडून जातात. मग १० मिली ०.२५ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, कंडेन्सर लावायचा, पाणी सुरू आहे ना ते बघायचं, आणि उरलेलं आम्ल, एकूण ३० मिली होईल इतकं, कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून सोडायचं. आता तापवायच्या आधी फ्लास्क गोल फिरवून नीट मिसळा. हे राहिलं तर जड आम्ल तळाशी बसतं आणि गरम होताच सगळं उसळून वर येतं, आणि आत उकळतं आम्ल आणि क्रोमियम आहे. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय आणि फ्यूम हूडच्या बाहेर हे करू नका.

दोन तास उकळू द्यायचं. मधेच रंगाकडे बघत जा. पिवळा-नारिंगी टिकून असेल तर ठीक, पण पूर्ण हिरवं झालं तर डायक्रोमेट संपलं, पुढे जाण्यात अर्थ नाही, सॅम्पल पातळ करून परत लावा. दोन तासांनी थंड करून कंडेन्सर वरून डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, साधारण दुप्पट पातळ करायचं, खोलीच्या तापमानाला आणायचं, फेरोइनचे (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) दोन-तीन थेंब आणि फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. रंग आधी पिवळसर, मग निळसर हिरवा, आणि मग एका थेंबात विटकरी तांबूस, तिथेच थांबायचं. थोड्या वेळाने निळसर हिरवा परत आलेला दिसतो कधीकधी, तो मोजायचा नाही, पहिला बदल हाच शेवट. फेरस अमोनियम सल्फेट हवेने हळूहळू कमजोर होतं, म्हणून त्याची नॉर्मॅलिटी रोज काढायची, कालची आज चालत नाही.

हिशेब असा: ब्लँकला (सॅम्पलऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन केलेली हीच टेस्ट) लागलेलं वजा सॅम्पलला लागलेलं, गुणिले फेरस अमोनियम सल्फेटची नॉर्मॅलिटी (इथे ०.२५), गुणिले ८०००, भागिले सॅम्पलचे मिली. ब्लँक १०.० मिली, सॅम्पल ६.८ मिली, फरक ३.२, तर ३.२ × ०.२५ × ८००० ÷ २० म्हणजे ३२० मिग्रॅ/लिटर. ब्लँकही सॅम्पलसारखाच पूर्ण दोन तास उकळलेला हवा.

आता यात काय काय घुसतं ते बघा. क्लोराइड हा मोठा घुसखोर, प्रत्येक मिलिग्रॅम क्लोराइड ०.२२६ मिग्रॅ खोटा सीओडी देतं, त्यालाच बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट असतं, पण वरच्या मापात ते साधारण २००० मिग्रॅ/लिटर क्लोराइडपर्यंतच पुरतं. खारं पाणी असेल तर आधी क्लोराइड मोजा. हायड्रोजन पेरॉक्साइड उरलेलं असेल, फेंटनच्या (लोह आणि पेरॉक्साइडने प्रदूषण जाळायच्या) ट्रीटमेंटनंतर हमखास असतं, तर तेही सीओडी म्हणून दिसतं आणि ट्रीटमेंट फसली असं वाटतं. नायट्राइट आणि फेरस लोहही तसंच. उलट बाजूला पिरिडीनसारखी काही संयुगं डायक्रोमेटला दाद देत नाहीत, ती पाण्यात असतात पण आकड्यात नसतात.

बीओडी

बीओडीत काम करणारे आपण नाही, जिवाणू आहेत, आपण फक्त त्यांना अन्न, हवा आणि अंधार द्यायचा आणि पाच दिवसांनी किती ऑक्सिजन उरला ते बघायचं. २० अंश सेल्सिअस, ३०० मिलीची बाटली, काचेचं बूच, वर पाण्याचं सील. पाच दिवसांची पद्धत जुनी आहे, ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात ती सुचवली होती. म्हणजे पाच दिवसांत सगळं संपतं असं नाही, तो ठरवलेला मुक्काम आहे.

२० अंशाला पाण्यात साधारण ९ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजनच मावतो, म्हणून सांडपाणी तसंच भरलं तर काही तासांतच तो संपेल. पातळ करावंच लागतं, आणि किती ते आधी माहीत नसतं, म्हणून एकाच सॅम्पलच्या तीन तरी बाटल्या. मघाचंच ३२० सीओडीचं पाणी घ्या. ३, ६ आणि १२ मिली सॅम्पल ३०० मिलीच्या बाटल्यांत, सुरुवातीचा ऑक्सिजन ८.४. पाच दिवसांनी ३ मिलीच्या बाटलीत ६.६ उरला, घट १.८, ही बाटली बाद, कारण घट किमान २ हवी. ६ मिलीच्या बाटलीत ४.९ उरला, घट ३.५, भागिले ०.०२ (३०० मध्ये ६ मिली) म्हणजे १७५. १२ मिलीच्यात १.३ उरला, किमान १ उरायला हवा तो उरलाय, घट ७.१ भागिले ०.०४ म्हणजे १७८. दोन्ही जुळले, सरासरी १७६ च्या आसपास. पण जर पातळ करत गेल्यावर बीओडी वाढत गेला असता, म्हणजे १२ मिलीला ६०, ६ मिलीला ११० आणि ३ मिलीला १७०, तर त्या पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे, पातळ केल्यावर त्यांना श्वास मिळतोय. अशा वेळी सरासरी काढू नका, ही चढण हीच खरी बातमी आहे, ती लिहा.

डायल्युशनच्या पाण्यात फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड यांचे साठा-द्राव लिटरला प्रत्येकी १ मिली, आणि भरपूर हवा. नुसत्या त्या पाण्याच्या बाटलीत पाच दिवसांत घट ०.२ पेक्षा जास्त आली तर भांडी किंवा पाणी घाण आहे. सॅम्पलचा पीएच ७ च्या आसपास, क्लोरीन असेल तर सोडियम सल्फाइटने आधी मारायचं आणि मग बाहेरून जिवाणूंचं सीड टाकायचं, कारण क्लोरीनने आतले सगळे मेलेले असतात. सीड टाकलं की सीडने स्वतः खाल्लेला ऑक्सिजन वजा करायला विसरू नका. आणि दर बॅचला ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाचं चेक सोल्युशन, प्रत्येकी १५० मिग्रॅ/लिटर, त्याचा बीओडी १९८ च्या ३०.५ वर-खाली यायला हवा. पट्टा एवढा रुंद आहे यातच या टेस्टचा स्वभाव कळतो, म्हणून बीओडी १७६.४३ असं दशांशासकट लिहू नका.

ट्रीट झालेल्या पाण्यात एक सापळा असतो. त्यात अमोनियाला नायट्रेट करणारे जिवाणू आधीच असतात, आणि १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन खातं. खरा कार्बनचा बीओडी १० असेल आणि बाटलीत फक्त २ मिग्रॅ/लिटर नायट्रोजन नायट्रेट झालं तरी आकडा १९ येतो. प्लँट उत्तम चालतोय आणि कागदावर नापास. त्यासाठी अलाइलथायोयुरियासारखं इनहिबिटर (या जिवाणूंना थांबवणारं रसायन) टाकायचं, आणि टाकलंय हे रिपोर्टवर लिहायचं.

टीओसी

टीओसीत कार्बनच मोजतात, ऑक्सिजनची मागणी नाही. आम्ल टाकून कार्बोनेट-बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड गॅसने उडवून लावायचा, उरलेलं भट्टीत किंवा यूव्ही-परसल्फेटने जाळायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेडने मोजायचा. एकूण कार्बनमधून अजैविक कार्बन वजा करायची दुसरी रीतही आहे, पण क्षारयुक्त पाण्यात दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून छोटा आकडा काढायचा म्हणजे चूक फुगते, तिथे उडवण्याचीच रीत बरी. फक्त उडवताना हलके सेंद्रिय पदार्थही जातात हे लक्षात असू द्या. गाळ असलेलं सॅम्पल मशीनच्या बारीक नळीतून धड जातच नाही, त्यामुळे तसल्या पाण्याचा टीओसी खोटा कमी दिसतो. आणि ०.४५ मायक्रॉनने गाळणार असाल तर फिल्टर आधी धुवून घ्या, नवा फिल्टर स्वतःच कार्बन सोडतो.

एक युक्ती मला फार आवडते. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ४२५ मिग्रॅ एक लिटरमध्ये विरघळवा. त्याचा सीओडी ५०० आणि टीओसी २०० यायला हवा. एकाच बाटलीने दोन्ही टेस्ट तपासता येतात, आणि कुठली टेस्ट कुठे चुकतेय यावर वाद होण्याआधी हे करून बघायचं.

आकडे एकत्र वाचणं

बीओडी भागिले सीओडी, आपल्या पाण्याचं १७६ भागिले ३२० म्हणजे ०.५५. ०.५ च्या वर असेल तर जैविक ट्रीटमेंटला पाणी सोपं, ०.३ च्या खाली गेलं तर जिवाणूंना ते पचत नाही किंवा बाधतंय. बीओडी सीओडीपेक्षा जास्त आला तर रिपोर्ट बाहेर सोडू नका, बहुतेक वेळा नायट्रिफिकेशन (मघाचा अमोनियाचा सापळा), सॅम्पलची अदलाबदल किंवा नीट न हलवलेली बाटली निघते.

सीओडी भागिले टीओसी सांगतं की कार्बन किती "न जळलेला" आहे. ग्लुकोजला २.६७, इथेनॉलला ४, ऑक्झॅलिक आम्लाला फक्त ०.६७. म्हणून "टीओसीला तिनाने गुणा, सीओडी मिळेल" असलं सूत्र एका प्लँटच्या पाण्यावर चालतं आणि शेजारच्या पाण्यावर पडतं. आपल्याच पाण्याच्या बऱ्याच जोड्या मोजून गुणोत्तर काढलं असेल तर वापरा, आणि ते अचानक बदललं तर आत काहीतरी नवीन आलंय असं समजा.

बाकीची मापं, थोडक्यात

एओएक्समध्ये सेंद्रिय हॅलोजन ॲक्टिव्हेटेड कार्बनवर धरून, नायट्रेटच्या द्रावाने अजैविक क्लोराइड धुवून, कार्बन ९५० अंशाच्या आसपास जाळतात आणि निघालेलं हॅलाइड चांदीच्या आयनांनी मोजतात. उत्तर क्लोराइड म्हणून लिहितात, त्यामुळे १० मायक्रोग्रॅम क्लोरोफॉर्म ८.९ दिसतं आणि तेवढंच ब्रोमोफॉर्म ४.२. फ्लोरीन इथे दिसतच नाही, कारण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळतं. म्हणून एओएक्स कमी आला याचा अर्थ पीफास (फ्लोरीनवाली, सहज न मोडणारी रसायनं) नाहीत असा होत नाही, त्यांच्यासाठी जाळून आयन क्रोमॅटोग्राफीने एओएफ (एओएक्ससारखंच, पण फ्लोरीनचं माप) मोजावा लागतो.

ऑइल अँड ग्रीस म्हणजे हेक्सेनमध्ये जे उतरलं आणि सॉल्व्हंट उडवल्यावर जे उरलं ते, त्यात मेणही येतं, आणि पेट्रोलसारखं हलकं उडून जातं. फिनॉल इंडेक्समध्ये (रंगावरून फिनॉलचं एकत्रित माप) पॅरा-क्रेसॉलसारखे काही फिनॉल रंगच देत नाहीत. टीकेएनमध्ये (सेंद्रिय आणि अमोनिया मिळून नायट्रोजन) नायट्रेट-नायट्राइट नसतं, एकूण नायट्रोजन हवं तर ते वेगळं मोजून मिळवायचं. टीएसएस (न विरघळलेला गाळ) १०५ अंशाला वाळवतात आणि टीडीएस (विरघळलेले घन पदार्थ) १८० ला, तापमान लिहिलं नसेल तर विचारा.

"कशाच्या रूपात" हे न लिहिल्यामुळे होणारा गोंधळ मी सगळ्यात जास्त बघितलाय. नायट्रेट १० मिग्रॅ/लिटर नायट्रोजन म्हणून म्हणजे नायट्रेट म्हणून ४४. फॉस्फरस १ म्हणजे फॉस्फेट ३.०७. दोन लॅबचे रिपोर्ट चौपट वेगळे आले म्हणून भांडण्याआधी हा शब्द शोधा. तसंच जिथे काही सापडलं नाही तिथे शून्य लिहू नका, मोजायची मर्यादा लिहा, "१० पेक्षा कमी" असं, कारण शून्य आपण मोजलेलंच नसतं.

रिपोर्टची एक ओळ मी अशी लिहितो: "सीओडी, डायक्रोमेट रिफ्लक्स, न गाळलेलं, २४ तासांचं प्रवाहाच्या प्रमाणातलं मिश्र सॅम्पल, आम्ल टाकून जतन केलेलं, क्लोराइड ४१० मिग्रॅ/लिटर, निकाल ३२० मिग्रॅ ऑक्सिजन/लिटर." ओळ लांब होते, होऊ द्या, दोन वर्षांनी कुणी उघडून बघितली तरी त्याला तीच टेस्ट तशीच परत करता येते. वहीत ब्युरेटची सुरुवातीची आणि शेवटची दोन्ही रीडिंग लिहा, नुसता फरक नको.

आणि सीओडी संपल्यावर फ्लास्क सिंकमध्ये ओतू नका. त्यात पारा आहे, चांदी आहे, सहा-संयुजी क्रोमियम आहे, घट्ट आम्ल आहे. झाकणाची वेगळी आम्लरोधक कॅन ठेवा, वर ठळक लेबल, आणि भरली की घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. व्हायलची छोटी पद्धत शिकायला मी सगळ्यांना सांगतो ते मुख्यतः याचसाठी, तिथे २० मिलीऐवजी दोन-अडीच मिली सॅम्पल लागतं आणि पारा त्याच प्रमाणात कमी जातो.